मत्सराविरुद्ध पत्रक आणि अळणी मसालेभात

भक्तिमार्गाला मी मुद्रितशोधनामुळे लागलो. लोक दुःखामुळे लागतात, आजारपणामुळे लागतात, निदान बायकोमुळे तरी लागतात. मला नगरजवळच्या नागापूरच्या चौकात एका माणसानं ‘मनःशांतीचा सोपा मार्ग’ नावाचं पत्रक दिलं आणि त्यात मला अकरा चुका सापडल्या. तशी पत्रकं वाटणं हा गुन्हा आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. मी लाल शाईनं चुका दुरुस्त केल्या आणि ते परत द्यायला पुढच्या रविवारी त्यावर छापलेल्या पत्त्यावर गेलो.

आमच्या घरी छापखाना. नगर शहरात, जुन्या दोन मशिनांचा. त्या मशिनांवरून निघालेल्या पत्रकांवर मी वाढलो. माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा पाठकोऱ्या पत्रकांच्या असायच्या. एका बाजूला माझी गणितं, दुसऱ्या बाजूला ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा’. संपाची पत्रकं, दारूबंदीची पत्रकं, गावात पाणी अडवणाऱ्यांची आणि त्या अडवणाऱ्यांना अडवणाऱ्यांचीही, सगळी आमच्याच उंबऱ्यातून बाहेर पडली. परिणाम असा झाला की काहीही चुकीचं दिसलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो. कॉलेजात असताना मी मेसच्या पोळ्यांविरुद्ध चारशे प्रती वाटल्या. पोळ्या सुधारल्या नाहीत. मला मेसमधून काढलं. तत्त्वासाठी मी तीन महिने वडापाववर काढले.

तर तो पत्ता म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक हॉल होता. आत राधाकृष्णाची मूर्ती, समोर सतरंज्या, आणि सतरंज्यांवर एमआयडीसीतले फिटर, टर्नर, वेल्डर धोतर नेसून बसलेले. आठवडाभर कारखान्यात एकमेकांना शिव्या घालणारी ही माणसं इथं एकमेकांना ‘प्रभुजी’ म्हणत. मुख्य होते एक निवृत्त आयटीआय निदेशक. त्यांनी यातल्या अर्ध्या लोकांना लेथ शिकवलं होतं, म्हणून त्यांना सगळे ‘सर’च म्हणत. सरांनी माझं लाल शाईचं पत्रक शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “फार उपकार झाले प्रभुजी. आता बसा, प्रसाद घेऊनच जा.”

शिरा होता. पुढच्या रविवारी त्यांनी चुका खरोखर दुरुस्त केल्या का ते बघायला मी गेलो. केल्या नव्हत्या. शिरा मात्र होता. त्याच्या पुढच्या रविवारी मी कारण शोधलं नाही.

पण मी नुसत्या शिऱ्यावर टिकलो असं म्हणणं अन्यायाचं होईल. हॉलमध्ये सगळे मिळून नाम घ्यायचे तेव्हा माझ्या डोक्यातले मथळे थोडा वेळ थांबायचे. आयुष्यात पहिल्यांदा थांबले होते. म्हणून मी तुळशीची माळ घातली, जपाची पिशवी घेतली, कांदालसूण सोडला आणि सरांकडे सेवा मागितली. सरांनी मला स्वयंपाकघरात पाठवलं. तिथं एक माताजी मुख्य होत्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या आणि तितक्याच कडक. त्यांनी मला भांडी दिली. दोनच आठवड्यांनी बढती मिळून मी भाजी चिरायला लागलो. माझं लक्ष चुलीकडे होतं. देवाचा स्वयंपाक करणाऱ्याला पहिला मान, भाजी चिरणारा त्याच्या खाली, आणि भांडीवाला कुठंच नाही. भक्तिमार्गात असं काही वर-खाली नसतं हे मला माहीत होतं. हॉलसाठी दर आठवड्याला मी एक पत्रक लिहून आणायला लागलो होतो, त्यातल्याच एकात मी ते ठळक अक्षरात छापलं होतं.

आणि मग अकोल्याचे प्रभुजी आले.

अकोले म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, डोंगराकडचं. तिथल्या एका भातशेतीवाल्याचा हा मुलगा नागापुरात लेथवर कामाला होता, माझ्याच वयाचा. मी माळ घातल्यानंतर तीन आठवड्यांनी आला. हे तीन आठवडे मी विसरू शकत नव्हतो. त्याचा टिळा फूटपट्टीनं काढल्यासारखा सरळ यायचा. माझा रोज नाकाच्या एका बाजूला कलायचा. त्यानं मृदंग हातात घेतला आणि दुसऱ्याच रविवारी तो वाजायला लागला. सोळा माळांचा जप पहिल्या पाळीला जायच्या आत त्याचा झालेला असे. किती माळा झाल्या ते कळण्यासाठी जपाच्या पिशवीला बाहेरून छोटे मणी लावलेले असतात, ते सरकवायचे. मी त्याचे मणी बघायचो. समोरच्याचे मणी बघत जप करणं फार अवघड असतं, आपल्या स्वतःच्या माळेचा हिशोबच राहत नाही. शेवटी मीही सोळा करायला लागलो, पण कसे, तर मिक्सर फिरवल्यासारखे. एकदा माताजी म्हणाल्या, “प्रभुजी, देवाला नाव तरी ऐकू येऊ द्या.”

त्यातून आणखी एक गोष्ट मला लागली होती, आणि ती सांगताना अजून लाज वाटते. कांदा सोडला असं मी जाहीर केलं होतं खरं. पण महिन्यातून एखाद्या संध्याकाळी मी टिळा पुसून माळीवाड्याच्या स्टँडवर भेळ खायचो, कांदा घालून. अकोल्याच्या प्रभुजींनी मात्र दिवाळीत घरी जाऊन आईनं केलेलं ताट बाजूला सारलं होतं. रश्श्यात कांदालसूण होता म्हणून. चार दिवस तो केळी आणि दुधावर राहिला. हे त्यानं मला भांडी घासताना सांगितलं, खाली मान घालून.

“आई काय म्हणाली?” मी विचारलं.

“काही नाही म्हणाली. तिनंही नाही खाल्लं त्या दिवशी. आबा मात्र बोलले. म्हणाले, आईच्या हातचं बाटलं व्हय तुला? तेव्हापासून फोनवर फक्त एसटीच्या वेळा विचारतात.”

माझ्या मनात पहिला विचार काय यावा? बिचारी आई, असा नाही. याचा त्याग माझ्यापेक्षा मोठा, असा.

जानेवारीत ते घडलं. आबा, म्हणजे त्याचे वडील, अखेर यायला तयार झाले. “येतो,” त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “बघतो तरी, आईचं सोडून काय अमृत खातोस ते.” गावच्या एका माणसाबरोबर त्यांनी आधीच नवा आंबेमोहोर पाठवून दिला होता, देवासाठी. सर खूश झाले. रविवारी त्याच तांदळाचा मसालेभात करायचा आणि तो मुलानंच करायचा, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे तीन आठवडे ज्युनियर माणूस चुलीपाशी, आणि मी कोथिंबिरीपाशी.

त्यानं माझ्यापाशी येऊन हळूच सांगितलं, “प्रभुजी, आज जेवण चांगलं झालं पाहिजे. आबांना पटलं तर घरी काहीतरी मार्ग निघेल. नाही पटलं तर मी त्या घरात पुन्हा कुठल्या तोंडानं जेवायला बसू?”

“होईल की चांगलं,” मी म्हणालो. कोथिंबीर जरा जास्तच बारीक चिरली गेली.

आता मिठाची पद्धत सांगायला हवी. देवासाठी केलेला स्वयंपाक नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नाही. वासही मुद्दाम घ्यायचा नाही. पहिला घास देवाचा. त्यामुळे मीठ पडलं की नाही, हे कळायला जीभ उपयोगाची नाही. सुरुवातीला म्हणे दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. मग सरांनी त्यावर कारखान्यातला उपाय काढला. एकानं सेटिंग करायचं, दुसऱ्यानं तपासायचं. आचाऱ्यानं मीठ घालताना मोठ्यानं म्हणायचं, “मीठ पडलं!” आणि दुसऱ्यानं, जो भाजी चिरत असेल त्यानं, बघून म्हणायचं, “पडलं!” हाक आली नाही तर दुसऱ्यानं आठवण करायची. ही दुसऱ्याची जबाबदारी. त्या दिवशी दुसरा मी होतो.

त्यानं फोडणी केली. खडा मसाला, गाजर, मटार, तांदूळ, आधणाचं पाणी. पाण्याबरोबर मीठ. मिठाची वाटी त्यानं हातात घेतलीही, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आबा चौकात उतरले होते. वाटी ओट्यावर ठेवून, पातेल्यावर झाकण टाकून तो धावत जिना उतरला. माताजी मूर्तीच्या हारात गुंतल्या होत्या. स्वयंपाकघरात मी एकटा, आणि मिठाची वाटी.

त्या क्षणी मी काही केलं नाही. हे वाक्य मी पुष्कळदा मनात लिहून पाहिलं आहे. त्याला दुसरा मथळा मिळत नाही.

दहा मिनिटांनी तो परत आला, धापा टाकत, चेहरा उजळलेला. “आबांना पुढच्या ओळीत बसवलं. सरांना राम कृष्ण हरी केलं त्यांनी! प्रभुजी, मीठ पडलं ना?”

मी म्हणालो, “आचारी तुम्ही, प्रभुजी. आम्ही कोथिंबीरवाले.”

तो हसला. “म्हणजे पडलं, नाहीतर तुम्ही आठवण केली असती. बरं झालं, माझ्या लक्षातच नव्हतं.” आणि त्यानं वाटी उचलून फळीवर ठेवून दिली.

बघा, मी खोटं बोललो नव्हतो. खोटं न बोलता माणसाला फसवायची कला मी लहानपणापासून छापली होती, निवडणुकीच्या पत्रकांतून.

आता यातली खरी मौज. सर पाळीपाळीनं एकेकाला प्रवचन द्यायचे. त्या रविवारची पाळी माझी होती, आणि विषय होता साधकाचा मत्सर. पत्रकही मीच लिहून, मीच छापून आणलं होतं. ‘नवसाधकाचा छुपा शत्रू’ हा मथळा. पहिल्या परिच्छेदात मत्सराची लक्षणं, दुसऱ्यात परिणाम. तिसरा परिच्छेद मी विशेष मन लावून लिहिला होता. त्यात म्हटलं होतं की जो साधक आपल्या साधनेचं प्रदर्शन करतो, सरळ टिळे काढतो, चारचौघांत मृदंग वाजवतो, तो दुसऱ्यांच्या मत्सराला कारण होतो आणि म्हणून दोषी तोच आहे. चौथ्यात पाच उपाय. मी मत्सराविरुद्ध लिहायला बसलो आणि ज्याचा मत्सर वाटतो त्याच्याविरुद्ध लिहून उठलो. तेव्हा हे मला दिसलं नव्हतं. मला ते पत्रक फार निर्भीड वाटलं होतं.

मी वाचायला उभा राहिलो. समोर पहिल्या ओळीत आबा. पांढरी टोपी, उन्हानं रापलेला चेहरा, गळ्यात जुनी, काळवंडलेली तुळशीची माळ. माझी माळ सहा महिन्यांची, त्यांची माझ्या वयापेक्षा मोठी. ते इतकं लक्ष देऊन ऐकत होते की माझा आवाज आपोआप खाली आला. लक्षणं संपली तसा त्यांनी हात वर केला.

“म्हाराज, म्हंजी शेजाऱ्याची म्हस आपल्यापेक्षा दोन लिटर ज्यादा देती आन आपल्या पोटात दुखतं, त्येच ना ह्ये?”

हॉल हसला. “तेच,” मी म्हणालो.

“आन मग रातीत शेजाऱ्याच्या म्हशीचं दावं सोडून द्यावं वाटतं?”

“तसंही वाटतं काहींना.”

“काहींना न्हाई, समद्यांना वाटतं. मी सोडलं हुतं एकदा.” पुन्हा हशा. आबा हसले नाहीत. “मग त्याला औषिद काय?”

माझ्यासमोर पाच उपाय छापलेले होते. पहिला होता, ‘ज्याचा मत्सर वाटतो त्याची सेवा करावी.’ ती अक्षरं वाचताना मला मसालेभाताचा वास आला. बरोबर शिजत आला होता. मी म्हणालो, “ते शेवटी सांगतो,” आणि तिसरा परिच्छेद गाळून, दुसरा तेवढा घाईनं वाचून, प्रवचन आटोपलं. सर म्हणाले, “आज फार लवकर?” मी स्वयंपाकघराकडे गेलो.

अजून वेळ होता. मीठ वरून पेरून हलक्या हातानं भात हलवता आला असता. चव थोडी कमी आली असती, पण चाललं असतं. मी दारात पोचलो तेव्हा नैवेद्याचं ताट निघालं होतं. माताजी ते घेऊन पडद्याआड गेल्या आणि घंटा वाजायला लागली. अकोल्याचे प्रभुजी पडद्याबाहेर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. ओठ हलत होते. एवढ्या हळू जप करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याला हाक मारायला माझं तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. घंटा थांबली. पडदा उघडला. त्यानं डोळे उघडून मला विचारलं, “आबा काय म्हणत होते?”

“म्हशीबद्दल बोलले,” मी म्हणालो.

पंगत बसली. मला सार वाढायला दिलं. माताजींनी स्वतः केलेलं टोमॅटोचं सार, त्यात मीठ होतं. मसालेभात अकोल्याचे प्रभुजी वाढत होते, पहिला डाव वडिलांच्या ताटात. मोकळं शीत, वर खोबरं, वर माझी कोथिंबीर. दिसायला भात अप्रतिम झाला होता.

आता प्रसादाला नाव ठेवायचं नसतं. एकदा देवानं खाल्लं की आपण कोण? त्यामुळे पहिल्या घासानंतर हॉलमध्ये जे झालं ते पाहण्यासारखं होतं. पन्नासेक माणसं एकदम चावायची थांबली, आणि मग एकदम पुन्हा चावायला लागली. सरांच्या भुवया वर गेल्या आणि तिथंच राहिल्या. एक वेल्डर प्रभुजी म्हणाले, “आज प्रसाद फार सात्त्विक आहे.” शेजारचे म्हणाले, “फारच सात्त्विक.” तिसऱ्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि कानात म्हणाले, “सार वाढा प्रभुजी, भरपूर वाढा, थांबू नका.” माताजींनी एक घास घेतला, दुसरा ताटातच ठेवला आणि हॉलमध्ये दोनच माणसांकडे पाहिलं. आधी आचाऱ्याकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ.

“मीठ न्हाई ह्यात,” आबा म्हणाले.

सर हळू आवाजात म्हणाले, “आबा, प्रसादाला नाव ठेवत नाहीत.”

“नाव कुठं ठिवलं? मीठ न्हाई येवढंच म्हनलं. तांदूळ तर माझाच हाय.” मग ते मुलाकडे वळले. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. “ह्याच्यापायी आईचं ताट सारलंस व्हय रं?”

मुलगा पातेलं हातात घेऊन उभा होता. त्याला आतापर्यंत सगळं कळलं होतं. कोथिंबीरवाल्याचं ते उत्तर त्याला आठवलं असणारच. ‘मी याला विचारलं होतं, यानं असं सांगितलं,’ एवढं म्हणायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, “चुकलं आबा. माझ्याकडून राहिलं.”

माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मी साराची बादली खाली ठेवली. बादली ठेवल्याचा आवाज हवा त्यापेक्षा मोठा झाला, त्यामुळे सगळे बघायला लागले, आणि आता मागे फिरायला जागा नव्हती. “त्याचं नाही राहिलं,” मी म्हणालो. “म्हणजे त्याच्याकडून राहिलं, पण मी बघत होतो. मीठ पडलं नाही हे मला माहीत होतं. त्यानं विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही.”

“इसरलास?” आबांनी विचारलं.

“नाही. मुद्दाम.”

“का रं बाबा?”

पत्रकात मी यासाठी फार चांगली भाषा वापरली होती. त्यातलं एक वाक्य तोंडातून येईना. “हा माझ्यानंतर आला,” मी म्हणालो, “आणि याला चूल दिली. मला कोथिंबीर.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं. आबांनी मांडीखालचं पत्रक काढलं. सगळ्यांना एकेक वाटलं होतं. ते लांब धरून त्यांनी मथळा वाचला. “ह्ये तूच लिव्हलं न्हवं?”

“हो.”

“म्हनूनच बेस लिव्हलंय. माहितीतलं हाय.”

आता हॉल उघड हसला. सरही हसले, त्यांच्या भुवया अखेर खाली आल्या. आबांनी बोट पत्रकावर ठेवून विचारलं, “आन ही पाच औषिदं? ह्यातलं कंचं घेतलंस?”

“एकही नाही.”

“पाचीच्या पाची उरली म्हन की. बरं हाय, कामाला येतील.” त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली आणि भातात सार कालवलं. “वाढ आनखी. माझा तांदूळ हाय, टाकीन व्हय?”

मी वाढलं. पण खरी गोष्ट पुढं झाली, आणि ती माझ्याबद्दल नव्हती. मुलगा वडिलांसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “आबा, घरी आईला काय सांगाल?”

“मी कशाला सांगू? तूच सांग. मीठ नसलेलं हितं समद्यांनी गुमान खाल्लं म्हनावं. आन मी तू मीठ घातलेलं सारलं.”

“त्यात कांदालसूण होता, आबा.”

“हुता. मग? तिला म्हनला हुतास का, आई, माझ्यापुरतं बिगर कांद्याचं कर? आधी देवाम्होरं ठिव, मग मला दे? तिनं केलं न्हसतं?” आबांनी सगळ्या हॉलकडे पाहिलं. “चार शब्द बोलायचं सोडून ताट सारायचं. ही भक्ती म्हनायची का ऐट?”

ज्या त्यागाचा मी इतके दिवस हेवा करत होतो, त्याला त्यांनी एका शब्दात उघडं केलं. आणि मला आनंद झाला नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण तासाभरापूर्वी झाला असता. मुलाचे डोळे भरले होते. त्यानं तिथंच, हात न धुता, डाव्या हातानं फोन लावला. “आई, मी पुढच्या रविवारी येतो. जेवायला. ... हो, जेवायलाच. ... तुझ्या हातचंच. एवढंच की कांदालसूण नको, आणि आधी आपल्या विठोबाला दाखव. चालेल?” पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ फक्त “हं, हं” करत राहिला.

माताजींनी नंतर मला बोलावून घेतलं. मला वाटलं, भांड्यांवर परत. त्या म्हणाल्या, “भांडी तर आहेतच. पण दुसरा माणूसही तुम्हीच राहणार, दर रविवारी. आता तुमच्याइतकं मिठाकडे लक्ष कुणाचं असणार नाही.”

पुढच्या रविवारी अकोल्याला जाताना तो मलाही घेऊन गेला. आबांचा निरोप होता, त्या मिठावाल्याला आन. एसटीनं अकोल्यापर्यंत आणि पुढं जीपनं, मागच्या बाकावर, गुडघे एकमेकांना लागलेले. घाटात तो एकदम म्हणाला, “प्रभुजी, एक सांगू? रागवू नका. तुमची पत्रकं दर रविवारी दारापाशी ठेवलेली असतात ना, आणि संध्याकाळी गठ्ठा अर्धा झालेला असतो?”

“लोक नेतात,” मी अभिमानानं म्हणालो.

“मी नेतो.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“सगळे म्हणायचे, काय लिहितो हा माणूस, काय भाषा! मला चार ओळींचं पत्र लिहिता येत नाही. मग मी अर्धी उचलून न्यायचो. फेकली नाहीत हं, देवाचं नाव आहे त्यात. माझ्या पेटीत आहेत. पेटी आता बंद होत नाही.”

सहा महिने मी समजत होतो की नागापूर माझ्या शब्दांनी पेटून उठलं आहे. मग मला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, “काय झालं म्हाराज?”

त्याची आई अंगणातच उभी होती. बारीक बाई, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी सारखा करत होती. तिनं मुलाला ये म्हटलं नाही, ताटं झाली आहेत एवढंच म्हणाली. घरात विठोबाच्या तसबिरीपुढं पान वाढलेलं, उदबत्ती लावलेली. त्यानं विचारलं, “आई, चाखलं नाहीस ना?”

“चाखायचं कशाला? चाळीस वर्सं करती हाय, हाताला कळतं की.”

आम्ही बसलो. नाचणीची भाकरी, हिरव्या वाटाण्याची आमटी, भात. तिनं वाढलं आणि चुलीपाशी पाठमोरी बसली, लाकूड सारण्याचं निमित्त करून. आबा माझ्याकडे बघून काही बोलू नको अशी खूण करत होते. मुलानं हात जोडले, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग दुसरा. मग वाटी पुढं केली. वाटी ताटाला घासल्याचा आवाज ऐकून ती वळली. तिनं आमटी काठोकाठ वाढली. कांदा नव्हता, लसूण नव्हता, आणि मीठ अगदी जिथं असायला हवं तिथं होतं. तो तीन भाकऱ्या जेवला. तिनं मोजल्या नसतील, मी मोजल्या.

मग भातावर तूप आलं. मुलाच्या भातावर तिनं पळी उलटी केली, थांबली, आणि पुन्हा केली. माझ्या भातावर एकदाच, तीही अर्धी. पोटात तीच ओळखीची कळ आली. डोक्यात मथळा तयार व्हायला लागला. या वेळी मी तो छापायला न नेता तिथंच म्हणून टाकला.

“आई, त्याला दोन पळ्या आणि मला अर्धी. मला मत्सर वाटतोय.”

आबांना ठसका लागला. मुलगा हसत हसत आपलं ताट माझ्याकडे सरकवायला लागला. आईनं त्याच्या हातावर चापट मारून ताट जागच्या जागी नेलं.

“लेक हाय माझा,” ती म्हणाली. “तुला तूप पायजे तर तुझ्या आईकडं जा.”

आणि तिनं मला वाढलं नाही ते नाहीच.